शेवट आधी सांगणारी

काळ ओलांडून प्रेम करायला जाणाऱ्या नायकांवर माझा राग आहे. साधासुधा नव्हे, दातओठ खाऊन करावा तसला. आपल्या काळात कुणी विचारत नाही म्हणून हे दोन-तीनशे वर्षं मागे जाणार, तिथल्या एखाद्या भल्या मुलीला नादी लावणार, आणि पुस्तक संपत आलं की 'माझा काळ मला बोलावतो आहे' म्हणून चालू पडणार. ती मुलगी मागे उभी. लेखक तिच्या डोळ्यांत दोन टिपं घालतो, वर चंद्र ठेवतो आणि मोकळा होतो. असली कितीतरी पुस्तकं मी वाचली. आवडायची म्हणून नव्हे, राग ताजा राहायचा म्हणून.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका गल्लीत, पिठाच्या गिरणीला लागून, एक खासगी लायब्ररी होती. दोघांत भिंत एकच, त्यामुळे पुस्तकांवर कायम पिठाची भुकटी. वाचून उठलं की पदर झटकावा लागायचा. मालक बारा महिने स्वेटर घालून बसायचे. त्यांनी एका कपाटावर पुठ्ठ्याची पाटी लावली होती, 'काळप्रवास व प्रेम'. इंग्रजीवरून बेतलेल्या कादंबऱ्या, माणसांची आणि गावांची नावं तेवढी मराठी केलेली. मी जवळच्याच टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायचे. सकाळच्या बॅचेस संपल्या की संध्याकाळपर्यंत मोकळी. तो सगळा वेळ त्या कपाटासमोर जायचा.

एका कादंबरीत कॉलेजातला प्राध्यापक गडावरच्या विहिरीच्या पायऱ्या उतरतो आणि वर येतो तो थेट तीनशे वर्षांपूर्वी. किल्लेदाराची भाची त्याला भाकरी देते, त्याच्या चष्म्याला हसते, त्याच्यासाठी घरच्यांशी भांडते. दोनशे पानं झाली की प्राध्यापकाला आपला प्रॉव्हिडंट फंड आठवतो. लेखक तसं लिहीत नाही, तो 'कर्तव्य' म्हणतो. मी समासात पेन्सिलीने लिहिलं, 'एवढं कर्तव्य होतं तर विहिरीत उतरलास कशाला?' दुसऱ्या एकीत इंग्रजांच्या काळातल्या मास्तरीणबाईंना आजचा इंजिनिअर भेटतो. जाताना म्हणतो, 'वाट बघ.' ती म्हातारी होईपर्यंत बघते. तिथे मी लिहिलं, 'बाई, याचा पत्ता तरी घेऊन ठेवायचास.' तिसऱ्या एकीत आजची डॉक्टरीण मागे जाते. ती मात्र परत येत नाही. नायकासाठी राहते, जात्यावर बसते आणि सुखी होते. म्हणजे आपला काळ सोडायचा तो बाईनेच, पुरुषाला कधी तो सोडवत नाही. त्या नायकाला मी समासात लावलेली विशेषणं इथे लिहिण्यासारखी नाहीत.

मालक खोडरबर घेऊन बसायचे. "म्याडम, पुस्तक तुमचं एकटीचं न्हाय," म्हणायचे. पण हाकलत नसत. काही बायका खास माझे शेरे वाचायला ती पुस्तकं नेतात, हे त्यांनीच मला एकदा सांगून टाकलं होतं.

या रागाचं मूळ अर्थात पुस्तकांत नव्हतं. त्याच्या काही वर्षं आधी माझा साखरपुडा झाला होता. आम्ही गडहिंग्लजचे, ते त्याही पलीकडचे, सीमेच्या काठावरचे. दोन्ही घरं नंतर कोल्हापुरात आलेली, दोन्हीकडे चुलीपाशी कानडी आणि दारात मराठी. मुलगा इंजिनिअर. मला आवडला होता, हे आता कबूल करायला काय हरकत आहे? रंकाळ्यावर दोनदा भेळ खाल्ली तेवढ्यात मी पुढच्या तीस वर्षांचा संसार मांडून मोकळी झाले होते. साखरपुड्याला त्याच्या आईने मला मोरपंखी रेशमी साडी दिली. बाई ताठ, कपाळावर विभूतीच्या तीन आडव्या रेघा. लग्नपत्रिकेचा मजकूर तिच्या हातात दिला तर तिने त्याच्याकडे न बघताच कागद माझ्या मामांकडे सरकवला. "तुमी वाचा, मी ऐकती," म्हणाली. मला वाटलं, काय हा तोरा.

त्या साडीला फॉल मी स्वतः लावला. शेवटी शेवटी हिरवा दोरा संपला. दुकानापर्यंत जायचा धीर नव्हता, म्हणून राहिलेला हातभर फॉल लाल दोऱ्याने शिवला. संक्रांतीला एकदाच नेसले.

मग त्याला परदेशात नोकरी लागली. पंधरा दिवसांत मध्यस्थ आले आणि चहा संपायच्या आत म्हणाले, "आता पोराच्या जोडीची बघायची म्हणत्यात." त्याच्या आईचा आणखी एक निरोप होता. साडी परत पाठवा. माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणायचो. अव्वाने साडी घडी घालून पिशवीत दिली आणि मला म्हणाली, "सोड की आता. तुझं काय अडलंय त्याच्यावाचून?" मी सोडलं नाही. मुलगा गेल्याचं दुःख काही महिन्यांत उरकलं. साडीचं मला उरकता आलं नाही. त्याने स्वतः तर एक ओळ लिहिली नाही. वर्षभरात गारगोटीकडची एक एम.ए. झालेली मुलगी केली, तीन आठवडे राहिला आणि परत गेला. कागदपत्रं झाली की बायकोला नेणार होता, असं कानावर आलं. मी त्या मुलीचाही राग धरला. तिने माझं काही बिघडवलं नव्हतं, पण राग काय विचारून धरायचा असतो?

आता लायब्ररीतल्या बायकांची एक पद्धत सांगायला हवी. त्या कादंबऱ्यांची मुखपृष्ठं एकसारखी, नावंही एकसारखी, त्यामुळे वाचलेलंच पुस्तक पुन्हा घरी यायचं. म्हणून प्रत्येकीने आपली एक खूण ठरवलेली. कुणी एकविसाव्या पानाच्या आकड्याला गोल करी, कुणी शेवटच्या पानावर तुळशीचं पान काढी. पुस्तक हातात घेतलं की आधी आपलं पान उघडायचं. खूण दिसली की परत कपाटात. माझी खूण सतराव्या पानावर, बरोबरची. आणि बऱ्याच पुस्तकांत अकराव्या पानाच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेघा असत.

एका दुपारी त्याची आई लायब्ररीत आली. वाळली होती, पण ताठा तोच, कपाळावर त्याच तीन रेघा. मी कपाटाआड झाले. तिने भाजीच्या पिशवीतून पुस्तक काढून मालकांपुढे ठेवलं, दुसरं घेतलं आणि गेली. ठेवलेलं पुस्तक मी लगेच उचललं आणि अकरावं पान उघडलं. तीन रेघा होत्या, पेन्सिलीची चमकही गेली नव्हती. मला दुसरा पुरावा नको होता. माझी साडी परत मागवणारी बाई घरी पाय पसरून प्रेमकथा वाचत होती.

त्या दिवसापासून मला काम मिळालं. कपाटातलं एकेक पुस्तक काढायचं, अकराव्या पानावर रेघा नसल्या की घरी न्यायचं, तिच्या आधी वाचायचं आणि पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत शेवट लिहायचा. 'नायक परत जातो. ती विहिरीच्या काठावर बसून राहते. आता वाचायचं तर वाचा.' 'म्हातारा नोकर हाच भविष्यातला नातू आहे.' 'ती मरते, पान एकशे नव्वद.' एवढं करूनही समासातले शेरे चालूच होते. एका पुस्तकात नायकाची आई दिलेली अंगठी परत मागते, तिथे माझा हात थांबेना. मी लिहिलं, 'माझ्याकडून साडी परत मागितली तेव्हा फॉल उसवून घ्यायला हवा होता. हाताने लावला होता.' लिहिताना वाटलं, वाचू दे तिला. कळू दे.

ती पुस्तकं काही दिवसांनी कपाटात परत येत, अकराव्या पानावर तीन रेघा घेऊन. म्हणजे शेवट कळूनही बाई वाचत होती. माझं डोकं फिरलं. मग मला त्याहून वाईट सुचलं. शेवट खरा सांगायचाच कशाला? ज्या पुस्तकांत नायक परत येत नाही, अशी तीन निवडली आणि पहिल्या पानावर लिहिलं, 'काळजी करू नका. शेवटी तो परत येतो.' शेवटच्या पानापर्यंत वाट बघू दे आणि मग तोंडावर आपटू दे. इतकी खूश मी साखरपुड्यालाही नव्हते.

त्याच सुमाराला आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये एक नवीन मुलगी आली. आडनाव आणि पत्ता बघताच मला कळलं, ही त्याची चुलत बहीण. साखरपुड्याला तिची शाळेची परीक्षा होती, त्यामुळे तिने मला कधी पाहिलं नव्हतं. मीही ओळख दिली नाही. बोटं कमी आणि तोंड जास्त चालवणारी मुलगी. एकदा शेजारच्या मशीनवर रिबीन घालता घालता ती हळू आवाजात म्हणाली, "म्याडम, कुणाला सांगू नगा. आमच्या दादानं तिकडं दुसरं घर केलंय. बाई हाय, एक पोरगी बी हाय. काकीला ठावं हाय, काकाला ठावं हाय. वैनीला तेवढं कुणी सांगितलं न्हाय."

"का?" मी विचारलं.

"घर कोण बघणार मग?" ती म्हणाली.

मला आनंद झाला. सरळ सांगते, त्या दिवशी मी दुपारी पेढे आणून एकटीने खाल्ले. माझ्या जागी गेलेल्या त्या एम.ए. बाई आता भोगताहेत, बरं झालं, असंच मनात आलं.

आठ दिवसांनी लायब्ररीत मी खोट्या शेवटाचं तिसरं पुस्तक उघडलं. तीन रेघा होत्याच. शेवटच्या पानाखालची कोरी जागा मात्र बारीक, एकसारख्या अक्षरांनी भरली होती.

'ताई, अक्षरावरून तुम्ही बाई वाटता. तुम्ही आधी शेवट लिहायचा तेव्हा मला राग आला नाही. उलट बरं वाटायचं. शेवट ठाऊक असला की मधलं शांतपणे वाचता येतं. पण या तीन पुस्तकांत तुम्ही लिहिलं की तो परत येतो, आणि तो आला नाही. असं करू नका. माझे मिस्टर परदेशात आहेत, चार वर्षं झाली. घरात विचारलं की येईल, येईल एवढंच म्हणतात. मला बाहेर पाठवत नाहीत, सासूबाई पुस्तक आणून देतात. त्यांची शाळा कानडी, मराठी वाचता येत नाही, जाडी बघून उचलतात. निदान पुस्तकातलं तरी मला खरं सांगत जा.'

मी तिथेच स्टुलावर बसले. लग्नपत्रिकेचा कागद न बघता सरकवणारी ती बाई आठवली. तोरा नव्हता तो. तिला ती अक्षरं वाचताच येत नव्हती. आमच्याच अव्वाची बहीण सीमेपलीकडे दिलेली, तिलाही मराठी वाचता येत नाही. हे मला कळायला हवं होतं. कपाळावरच्या रेघा दिसल्या आणि मी पुढचं बघितलंच नाही. त्या रेघा काय तिच्या एकटीच्या होत्या? सुनेच्या माहेरीही असणार, आमच्याही देव्हाऱ्यात होत्या. वर्षभर मी जिचा सूड घेत होते तिला त्यातलं एक अक्षर पोचलं नव्हतं. पोचलं ते सगळं दुसरीलाच. आणि त्यातलं सगळ्यात वाईट, तो परत येतो, हे मी तिला तीनदा लिहून दिलं होतं.

लाज वाटली. खूप वाटली. पण राग गेला असं म्हणेन तर तेही खोटंच. राग फक्त सरळ झाला. आता तो नेमका ज्यांच्यावर असायला हवा त्यांच्यावर होता, आणि माझ्या हातात त्यांचं गुपित होतं. तिला सांगावं हे तिच्यासाठी की माझ्यासाठी, याचा मी दोन दिवस विचार केला. दोन्हीसाठी, असं उत्तर आलं. माझा वाटा जरा मोठाच होता. चुलत बहिणीचं नाव मात्र कुठे येऊ द्यायचं नाही, एवढं ठरवलं.

कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक निवडलं. अकरावं पान कोरं होतं. पहिल्या पानावर काहीच लिहिलं नाही. शेवटच्या पानावर लिहिलं, 'तुमची माफी मागते. त्या तीन पुस्तकांत मी मुद्दाम खोटं लिहिलं होतं. आता खरं लिहिते, पुस्तकातलं नव्हे. तो परत येत नाही. तिकडे त्याचं घर आहे, बाई आहे, मुलगी आहे. तुमच्या घरात हे सगळ्यांना माहीत आहे. भांडायच्या आधी तुमची सर्टिफिकिटं आणि दागिने हाताशी घ्या. मग विचारा.' खाली 'येत नाही' हे पुन्हा एकदा लिहिलं, गिरवून.

पुस्तक कपाटाच्या कडेला ठेवून मी रोज दुपारी तिथे बसू लागले. तिसऱ्या दिवशी त्याची आई आली. पिशवीतून कोथिंबिरीची जुडी डोकावत होती. कपाटासमोर उभी राहिली, मग माझ्याकडे वळली.

"पोरी, ह्यातलं जाड कुठलं ते काढून दे की. सून दोन दिसांत फडशा पाडती. सारखं यायला हुत न्हाय, गुडघं दुखत्यात."

"हे घ्या," मी म्हणाले.

तिने पुस्तक हातात तोललं. मग माझ्याकडे नीट बघितलं. "कुठंतरी बघितल्यागत वाटतंय. कुठली गं तू?"

"गडहिंग्लजची."

"मग आमच्याकडचीच की. लगीन झालं?"

"नाही अजून."

"व्हईल, व्हईल," ती म्हणाली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. तिने मला ओळखलं नव्हतं. माझ्या अंगावरची साडी परत नेणाऱ्या बाईच्या लक्षातही मी नव्हते. एरवी मी तिथेच फाडफाड बोलले असते. पण ती पुस्तक पिशवीत घालत होती, कोथिंबीर चुरगळू नये म्हणून एका बाजूला सारून. मालकांना लायब्ररीचं कार्ड दाखवलं, चपला घातल्या, आणि आपल्या घरातलं आपणच लपवलेलं खरं स्वतःच्या हातांनी घेऊन दुखऱ्या गुडघ्यांवर चालत गेली. गल्लीच्या टोकापर्यंत मी तिला बघत राहिले. त्या क्षणाची गोडी मला आजही नाकारता येत नाही.

पुढच्या आठवड्यात चुलत बहीण उशिरा आली. मशीनला कागद लावायच्या आधीच सुरू झाली. "म्याडम, घरात लई तमाशा झाला. वैनीला कळलं. कुणी सांगितलं काय म्हाईत. सगळ्यांच्या म्होरं काकीला म्हणाली, एकदा तोंडानं खरं सांगा, मग जाते. काकी रडाय लागली. वैनी सर्टिफिकिटाची पिशवी घेऊनच उभी हुती. गारगोटीला गेली म्हायेरी." मी तिला म्हटलं, आधी रिबीन बघ, उलटी घातली आहेस.

ते जाड पुस्तक लायब्ररीत परत आलं नाही. महिना-दीड महिन्याने मालकांनी मला हाक मारली. टेबलाखालून कापडी पिशवी काढली. "गारगोटीच्या एष्टीनं एक बाई आलती. हे इथं ठेवून गेली. म्हणाली, पेन्सिलनं लिहितात त्यांना द्या. तुमच्याशिवाय कोण हाय दुसरं?"

पिशवीत ते पुस्तक होतं आणि खाली मोरपंखी साडी. चिठ्ठी त्याच बारीक अक्षरांत. 'ही मला लग्नात नवीन म्हणून दिली. फॉलचा शेवटचा हातभर दोरा लाल आहे, तेव्हाच विचारलं होतं, कुणी उत्तर दिलं नाही. तुम्ही फॉलबद्दल एका पुस्तकात लिहिलं होतं. तुमचीच असावी. इकडच्या शाळेत मला नोकरी मिळते आहे, गावात वाचनालयही आहे. आता माझी पुस्तकं माझी मी आणीन. यापुढे मला शेवट सांगू नका.'

तिने आभार मानले नव्हते, माफही केलं नव्हतं. मला ते योग्यच वाटलं. अव्वाने साडी बघितली, लाल दोऱ्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "नेस की. तुझीच हाय." ती नेसायचं मला जमलं नसतं, आणि पेटीत ठेवून पूजाही करायची नव्हती. इन्स्टिट्यूटमधल्या मशीनची रेक्झिनची कव्हरं फाटून गेली होती. एका रविवारी मी कात्री घेतली. रेशीम कापताना छान आवाज येतो. त्या साडीत सहा टाइपरायटरांची कव्हरं बसली. फॉल उसवला नाही. लाल दोऱ्याचा तुकडा ज्या कव्हरात आला ते तिसऱ्या मशीनला घातलं, कारण त्या मशीनवर त्याची चुलत बहीण बसायची.

सोमवारी ती आली. कव्हर उचलायला गेली आणि थांबली. कापड दोन बोटांत धरून बघितलं.

"म्याडम, भारी रेशीम हाय की. मशीनला असलं कुणी घालतं व्हय? कुठलं हे?"

"तुमच्याच घरचं आहे," मी म्हणाले. "घडी नीट घाल, आणि घरी काकींना जाऊन सांग."

तिला वाटलं, मी चेष्टा करते आहे. ती हसली. दुसऱ्या दिवशी आली ती मात्र हसत नव्हती. कव्हर काढलं, चार पदरी घडी घालून बाजूला ठेवलं आणि टायपिंगला बसली.